किती वेळ झाला?

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेला त्या गावात कोरम कधी होत नाही. झेंडावंदन, मुलांना जिलेबी आणि सभा तहकूब, असा शिरस्ता. या वर्षी मात्र विषय गुरुजींनी दिला होता आणि आदल्या रात्रीच तो मुंबई मंडळाच्या ग्रुपवर फिरला होता. शाळेची पडवी भरली, बायका पायऱ्यांवर बसल्या. विषय एका ओळीचा होता: १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची बंदी.

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. गावातले निम्मे बाप त्यांच्या हातची छडी खाल्लेले, त्यामुळे ते उभे राहिले की आजही माणसं पाय आखडून बसतात. त्यांनी दाखले दिले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना खाती ठेवायला मनाई केली. इतक्या लांब जायचं नसेल तर सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा: २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने तर त्याच वर्षी १८ वर्षांखालच्यांच्या हाती मोबाइलच नको, असा ठराव केला. "आपलं गाव मागे का?" गुरुजींनी विचारलं. मागे राहायचं कुणालाच नव्हतं.

मग दंड ठरला. पहिल्यांदा सापडल्यास ५०० रुपये, दुसऱ्यांदा १,०००. आणि दोन्ही वेळा मुलाचं नाव बापाच्या नावासकट देवळाच्या कर्ण्यावरून पुकारायचं. कर्ण्याची सूचना कुणाची, हे इतिवृत्तात नाही. पण ती ऐकून पडवीत जे समाधान पसरलं, ते पैशाच्या दंडाने पसरलं नव्हतं.

मागच्या बाजूला सिस्टर बसल्या होत्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात सारी नोकरी काढून निवृत्त झालेल्या. त्यांचं नाव गावात कुणी घेत नाही, सिस्टर एवढंच. त्यांनी हात वर केला.

"पोर आपणहून सांगायला आलं तर?"

"तरी दंड," गुरुजी म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

लोक हसले. ठराव मंजूर झाला.

परिणाम झाला नाही असं म्हणता येणार नाही. पूर्वी मुली मावशीला, काकूला रील दाखवायच्या, 'ही बघ कशी नाचत्ये' म्हणायच्या. ते थांबलं. ॲप मात्र कुणाच्याच मोबाइलमधून गेलं नाही. चिन्हं कुठल्यातरी आतल्या फोल्डरात गेली, खात्यांची नावं बदलली. मोठी माणसं खूश झाली, कारण त्यांना काही दिसेनासं झालं.

वयाचं म्हणाल, तर ते आधीपासूनच खोटं होतं. बहुतेक ॲप १३ वर्षांची अट घालतात. हा १३चा आकडा काही बालरोगतज्ज्ञांनी काढलेला नाही. अमेरिकेने १९९८ साली मुलांची माहिती आई-बापाला न विचारता गोळा करण्यावर बंधन घालणारा कायदा केला, त्यात १३ वर्षांची रेघ होती; कंपन्यांनी ती उचलली आणि जगभर लावली. आपल्याकडच्या मुलांना तर पहिल्याच दिवशी कळतं की जन्मसालाचं चाक जरा जोरात फिरवलं की काम होतं. त्या गावच्या नववीच्या वर्गातली निम्मी मुलं ॲपच्या लेखी पंचविशी ओलांडलेली आहेत.

ऋतुजा त्यातलीच. वय १४, ॲपवर २७. मेंदी फार सुंदर काढायची. लग्नसराईत वाडीतल्या नवऱ्या मुलीचे हात तिच्याकडेच यायचे आणि त्या हातांचे व्हिडिओ ती टाकायची. मोबाइल आईचा; वडील मुंबईला टेम्पोवर. ठाण्याच्या एका मुलीने तिच्या मेंदीचं कौतुक केलं, मग दोघींचं रोज बोलणं सुरू झालं. नक्ष्या, शाळा, मैत्रिणींची भांडणं. एकदा त्या मुलीने तिचा साधा फोटो मागितला. ऋतुजाने पाठवला, शाळेच्या स्नेहसंमेलनातला, साडी नेसलेला.

ठाण्याची मुलगी मुलगी नव्हती. चार दिवसांनी तोच चेहरा, पण अंगावर कपडे नसलेला असा एक फोटो तिला आला. अशी चित्रं बनवायला आता कौशल्य लागत नाही, चेहरा दिला की यंत्र बाकीचं करतं. खाली मजकूर: ३,००० रुपये पाठव, नाहीतर तुझ्या वर्गाला पाठवतो.

तिने आईच्या मोबाइलवरून १,५०० रुपये पाठवले आणि बाकीच्यांसाठी मुदत मागितली. अशा माणसाला एकदा पैसे मिळाले की तो मागायचं थांबत नाही, हे १४व्या वर्षी कुणाला ठाऊक असतं? मोठ्यांनाही नसतं, ते पुढे येईलच.

शिमगा आला. पालखी अंगणात आली, आईने ओटी भरली, आणि दरवर्षी पालखीपुढे आधी पोचणारी पोर घरातून बाहेरच आली नाही. खाणं सुटलं होतं. रात्री मोबाइलचा आवाज झाला की दचकून उठत होती. आजी म्हणाली, नजर लागली. आईने मीठ-मोहरी उतरवली आणि सकाळी तिला सिस्टरांकडे घेऊन गेली.

"खात नाय, झोपत नाय. पोटात दुखतंय म्हणते. बघा जरा, सिस्टर."

सिस्टरांनी पोट बघितलं, नाडी बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. मग आईला म्हणाल्या, "आत चुलीवर पाणी ठेव, आलं घाल, आणि उकळल्याशिवाय बाहेर येऊ नकोस."

आई आत गेली.

"किती दिवस झाले?" सिस्टरांनी विचारलं.

काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. कुणी केलं, कुठे गेली होतीस, हेही नाही. ऋतुजाने उत्तरं तयार ठेवली होती, ती सगळी त्या दुसऱ्या प्रश्नांची. या प्रश्नाला तिच्याकडे खोटं उत्तर नव्हतं.

"नऊ," ती म्हणाली.

"वाढतंय की थांबलंय?"

"वाढतंय." आणि मग तिचा बांध फुटला. आल्याचं पाणी उकळून अर्ध्यावर आलं, तरी आई बाहेर आली नाही. दाराशी उभी राहून ती ऐकत होती. एकदा तिने पदर तोंडाशी नेला आणि एकदा हात उगारल्यासारखा केला. सिस्टरांनी मान न वळवता "तिथेच थांब," म्हटलं.

"आजी, पाचशे रुपये भरायला लागतील?" ऋतुजाने विचारलं. "बाबांचं नाव घेतील ना कर्ण्यावर?"

एवढं सगळं सोसून त्या पोरीला सर्वांत मोठी भीती कसली होती, हे वाचकाने जरा थांबून बघावं.

सिस्टरांनी महाडच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातीला बोलावलं आणि तिघीजणी कामाला लागल्या. पहिलं, काहीही पुसायचं नाही. ऋतुजा सगळं बोलणं काढून टाकण्याच्या बेतात होती. भ्यालेलं माणूस आधी पुरावाच पुसतं. त्या माणसाच्या खात्याचं नाव आणि लिंक, धमक्यांचे मजकूर, तारखा, वेळा, पैसे गेले तो यूपीआय आयडी, व्यवहाराचा क्रमांक, हे सगळं नातीने टिपून घेतलं. दुसरं, आता एक रुपयाही नाही आणि एक अक्षरही उत्तर नाही. तिसरं, तो फोटो पुरावा म्हणूनसुद्धा कुणाच्या व्हॉट्सॲपवर धाडायचा नाही. पैशांसाठी १९३० वर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली, आणि मग तालुक्याच्या ठाण्यात गेल्या.

"पण फोटो खरा नाहीच्चे," आई म्हणत राहिली. "मग केस कशी होईल?"

होते. २०१९च्या दुरुस्तीनंतर पॉक्सो कायद्याच्या व्याख्येत संगणकावर बनवलेली, खऱ्या मुलासारखी दिसणारी चित्रंही येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ ब हे कलमही अशांसाठीच आहे. आणि पॉक्सोच्या २४व्या कलमानुसार मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. जबाब घ्यायला आलेल्या बाई साडी नेसून आल्या. वाडीला वाटलं, बचत गटाच्या मॅडम आहेत.

नातीने आणखी एक गोष्ट केली. १८ वर्षांखालच्या मुलांची अशी चित्रं पसरू नयेत म्हणून अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे. त्यात फोटो कुणाकडे पाठवावा लागत नाही. आपल्याच मोबाइलवर त्या चित्राचा एक आकडी ठसा तयार होतो, फक्त तो ठसा पुढे जातो, आणि या सोयीत सहभागी असलेल्या कंपन्या त्या ठशाचं चित्र आपल्या जागेवर ओळखून काढून टाकू शकतात. हे ऐकल्यावर ऋतुजाने बऱ्याच दिवसांनी भाकरीचा तुकडा मोडला.

त्या माणसाचं खातं बंद झालं. क्रमांक परराज्यातला निघाला. तपास चालू आहे. पंधराशे रुपये परत आले नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट सिस्टरांना फार लागली. त्या माणसाने नमुना म्हणून तो फोटो ऋतुजाच्या एका चुलत भावाला पाठवला होता. दहावीतला पोरगा, मनाने चांगला. त्याने बघितला, पुसून टाकला आणि पाच दिवस गप्प बसला. का बोलला नाहीस, असं नातीने विचारल्यावर तो म्हणाला, "बोललो असतो तर आधी माझंच नाव वाजलं असतं. तुला कुठून कळलं, असंच विचारलं असतं ना सगळ्यांनी?"

१ मेच्या ग्रामसभेला चाकरमानी आलेले असतात, त्यामुळे तिला खरोखरच गर्दी असते. सिस्टरांनी विषय दिला: जानेवारीच्या ठरावात दुरुस्ती. अडचण अशी होती की त्यांच्याकडे सर्वांत मोठा पुरावा होता आणि तो त्यांना वापरायचा नव्हता. एखाद्या मुलीचं, असं नुसतं म्हटलं असतं तरी संध्याकाळपर्यंत वाडी-वाडीवर शोध सुरू झाला असता. म्हणून त्या विंचवाबद्दल बोलल्या.

कोकणातला लाल विंचू किती वाईट, हे पडवीतल्या म्हाताऱ्यांना सांगायची गरज नव्हती. सिस्टर नोकरीला लागल्या तेव्हा विंचू चावलेलं मूल दवाखान्यात आलं की बघत बसण्यापलीकडे फारसं काही करता येत नसे. दवाखान्यात आलेल्या शंभरातले तीसेक दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी या विषाचा पिच्छा पुरवला आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने माणूस वाचतो हे दाखवून दिलं. मग ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. पण गोळी लवकर पोटात गेली पाहिजे.

"एक पोरगा आणला होता," सिस्टर म्हणाल्या. "आठ-नऊ वर्षांचा. दुसऱ्याच्या बागेत काजूच्या बिया चोरायला गेलेला. गडग्याच्या चिऱ्यात हात घातला आणि चावलं. घरी सांगितलं, काटा लागला. मार पडेल म्हणून. घामाने सदरा चिंब झाला, हातपाय गार पडले, तेव्हा आणलंनीत. गोळी होती माझ्याकडे. कपाटात होती. बापाने आल्या-आल्या विचारलं, कुणाच्या बागेत गेलेलास? तो पोरगा तेव्हाही काटाच म्हणत होता."

पडवीत कुणी हललं नाही.

"त्या दिवसापासून मी बाग कुणाची ते विचारत नाही. किती वेळ झाला, एवढंच विचारते."

गुरुजी उठले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "म्हणजे पोरांना मोकळं सोडायचं? गडग्यात हात घाला म्हणायचं?"

"मी तसं कुठे म्हटलं? सोळाची अट राहू दे. मला तर अठराही चालेल. विंचू आहे हे सांगायलाच हवं. पण चावल्यावर दंड कसला घेता?"

"ऑस्ट्रेलियाने कायदा केलाय, तो काय उगाच?"

आता नात उभी राहिली. "गुरुजी, तिथे दंड आहे, पण तो कंपनीला. ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला किंवा आई-बापाला एक पैसाही नाही, असं ठरवूनच केलाय तो कायदा. आपल्या देशातही २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आहे. १८ खालच्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती घ्या, त्याच्यावर पाळत ठेवू नका, त्याला हेरून जाहिराती दाखवू नका, असं तो कंपनीला सांगतो. मोडला तर २०० कोटींपर्यंत दंड, तोही कंपनीलाच. नियम आता आलेत, पुरते लागू व्हायला वेळ आहे. पण बोट कुणाकडे आहे ते बघा. आपण ते पोराकडे फिरवलंय."

एक चाकरमानी मागून म्हणाला, "आणि वडगावात भोंगा वाजला की मोठ्यांचाही टीव्ही बंद होतो. ते आपण सोयीस्कर विसरलो." त्यावर थोडा हशा झाला आणि सभा सैल पडली.

दुरुस्ती झाली. दंड गेला, कर्णा गेला. त्याजागी असं लिहिलं गेलं की जे मूल आपणहून सांगायला येईल, त्याला मदत पुरी होईपर्यंत 'मोबाइल कुणी दिला' असं विचारायचं नाही. पुरी झाल्यावर आई-बापाने काय बोलायचं ते बोलावं. शाळेच्या भिंतीवर मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ आणि सायबर फसवणुकीचा १९३० हे क्रमांक रंगवायचे, आणि त्याखाली गावातल्या तीन मोठ्या माणसांची नावं, ज्यांच्याकडे केव्हाही जाता येईल.

ही तीन माणसं कोण, यावर पाऊण तास गेला. सरपंच, उपसरपंच, पोलीसपाटील, मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांची नावं सुचली. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, जायचं पोरांना आहे, पोरांनाच विचारा. दुसऱ्या दिवशी मुलांना एकत्र बोलावून चिठ्ठ्या घेतल्या. सिस्टर आल्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकी आल्या, आणि तिसरं नाव निघालं सायकल दुरुस्त करणाऱ्या गड्याचं, ज्याला आजवर कुठल्या समितीवर कुणी घेतलेलं नाही. गुरुजींच्या नावाची चिठ्ठी एकही नव्हती. त्यांनी ते फळ्यावरचं मोजमाप शांतपणे वाचलं आणि घरी गेले.

त्याच रात्री जेवणवेळेनंतर ते सिस्टरांच्या दारात उभे होते. बॅटरी विझवलेली. आत आले, खुर्चीवर न बसता ओटीच्या कडेवर बसले.

"पोरांनी बरोबर केलं," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.

सिस्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"गणपतीपासून," गुरुजी म्हणाले. "आठ महिने होत आले."

व्हिडिओ कॉल आला होता. समोर पोलिसाचा गणवेश, मागे बोधचिन्ह. तुमच्या आधार कार्डावर बँकेत काळा पैसा फिरलाय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. असली अटक आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. पण जन्मभर नियम पाळलेल्या माणसाला नियमाच्या नावानेच धरता येतं. दोन दिवस ते माडीवरच्या खोलीत बसून होते, बायकोला सांगितलं की शिक्षक संघाची ऑनलाइन सभा आहे. फंडाचे पैसे बँकेत होते, ते गेले. लगेच १९३० ला फोन केला असता तर काही रक्कम वाटेत अडवता आली असती. बायकोला अजून माहीत नाही. मोबाइल म्हणजे घरात शिरलेलं जनावर, असं त्यांना तेव्हापासून वाटू लागलं होतं, आणि जानेवारीत त्यांनी जे मांडलं त्यातलं अक्षरन् अक्षर त्यांच्या मनातून आलेलं होतं.

"माझं नाव..." गुरुजी अडखळले. "म्हणजे तक्रार केली तर गावात..."

"कर्णा काल काढलाय आपण," सिस्टर म्हणाल्या. "पासबुक आणलंत?"

आणलं होतं. त्याबरोबर फुलस्केप कागदावर, समास सोडून, वळणदार अक्षरात तारीखवार सगळी हकिकत लिहिलेली होती: कॉल किती वाजता आला, कोण काय म्हणालं, कुठल्या खात्यात भरायला सांगितलं. रकमेची जागा तेवढी कोरी होती.

सिस्टरांनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला आणि नातीला हाक मारून लॅपटॉप आणायला सांगितला. मग पेन त्यांच्या हातात दिलं.

"आकडा घाला, गुरुजी. त्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही."